छताची शतपावली

कोल्हापुरातल्या आपल्या ध्वनिमुद्रण कक्षात ऋजुता इंगवले काचेमागे बसली होती. आत ज्येष्ठ नट मार्तंडराव घोरपडकर कादंबरी वाचत होते. नायिका मरणशय्येवर होती, मार्तंडरावांचा आवाज पुरेसा ओलावला होता, आणि नेमकं तेव्हाच डोक्यावरून कुणी तरी चालू लागलं. एक पाऊल जड, दुसरं घसटत आलेलं, मग काठीचा ठोका.

ऋजुताने ध्वनिमुद्रण थांबवलं. ती चाल तिच्या चांगलीच ओळखीची होती. वरच्या मजल्यावरच्या सासनेसरांची. पण सर महिन्यापासून बेळगावला मुलीकडे होते, आणि घराची किल्ली ऋजुताच्याच पर्समध्ये होती. ती वर जाऊन आली. दाराला कुलूप होतं. खाली परतली तर मार्तंडराव खुर्ची सोडून दाराशी उभे होते. आपला भुताखेतांवर विश्वास नाही, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी भरपूर चालायला सांगितलं, आणि जेवणानंतरची शतपावली सरांनी शाळेच्या वेळापत्रकासारखी दिवसभर वाटून घेतली. ऋजुताने आधी विनंती केली, मग तक्रार, मग अबोला. शेवटी तिने स्प्रिंगांवर टांगलेलं दुसरं छत बसवून घेतलं, वरच्या पोकळीत लोकर भरली. त्यामुळे सरांच्या रेडिओचा आवाज खाली यायचा बंद झाला, पण पावलं भिंतींतून उतरून येतच राहिली.

तेव्हा तिला डॉ. निशिकांत तोरो भेटले. ध्वनिशास्त्रज्ञ. त्यांनी टांगलेल्या छतावर आवाज काढणाऱ्या कंपनपट्ट्या चिकटवल्या आणि भिंतींत आवाज टिपणाऱ्या बारीक श्रवणकळ्या पेरल्या.

"आवाज म्हणजे लाट," त्यांनी तिला समजावलं होतं. "तिच्या चढावर आपण उतार ठेवायचा, उतारावर चढ. दोन्ही मिळून सपाट. या उलट्या लाटेला मी प्रतिनाद म्हणतो."

अडचण एवढीच होती की पाऊल ऐकून मग प्रतिनाद काढावा, तर उशीर होई. म्हणून पुढचं पाऊल केव्हा आणि कसं पडणार, हे छताला आधीच ओळखावं लागे. छत ऐकत गेलं, शिकत गेलं. सरांची वेळ, वेग, लंगडणं, खिडकीपाशी थबकणं, सगळं त्याने पाठ केलं. एके दिवशी खाली पावलं ऐकू येईनाशी झाली. पाठोपाठ लिफ्टचा आवाज गेला, पाण्याच्या पंपाचा गेला, रस्त्यावरच्या स्वयंचलित रिक्षांचा गेला. चालक गेले तरी या रिक्षांचे हॉर्न राहिले होते. ऋजुताने सरांशी पुन्हा बोलायला सुरुवात केली.

पुढे मार्तंडरावांचा घसा बसला. महिनाभर कक्ष बंद, छतही बंद. आज ते पहिल्यांदा चालू केलं होतं.

डॉ. तोरो आले आणि मान वर करून तन्मयतेने ऐकू लागले. सर घरी नाहीत, पण छत त्यांच्या वेळेला त्यांचा प्रतिनाद काढतंय, असं ते म्हणाले.

"पण प्रतिनाद म्हणजे शांतताच ना?" ऋजुताने विचारलं.

"दोघे मिळून शांतता. एकटा प्रतिनाद म्हणजे आवाजच. लाट सुलटी की उलटी, हे कानाला कळत नाही."

छताला सर विसरायला लावता येतील का? येतील, पण शिकायला लागला तितकाच काळ लागेल. छत बंद करून पाहिलं, तर मरणाऱ्या नायिकेच्या उशाशी पंप सुरू झाला. फक्त सरांचा भाग वेगळा काढणं म्हणजे मळलेल्या कणकेतून मीठ काढण्यासारखं होतं. आणि थांबायला सवड नव्हती. पुढच्या आठवड्यात मार्तंडरावांचे उरलेले दात काढायचे होते. कवळीतून निघणारा आवाज आधीच्या प्रकरणांशी जुळला नसता.

डॉ. तोरो काठी घेऊन वर गेले आणि सरांसारखे चालू लागले. खाली आता दोन माणसं चालताना ऐकू येत होती. नायिकेच्या समाचाराला माणसं जमू लागली, असं मार्तंडराव म्हणाले.

ऋजुताने बेळगावला फोन लावला. आपल्या चालण्याची कुणाला तरी गरज आहे हे ऐकून सरांना गहिवरून आलं. दुसऱ्या दिवशी ते रिक्षातून उतरले आणि ताडताड चालत तिच्यापर्यंत आले. काठी नव्हती. मुलीने लावून दिलेल्या व्यायामाने गुडघा अगदी ठणठणीत झाला होता. ऋजुताचं तोंड उतरलं. मग एका म्हाताऱ्याचा गुडघा बरा झाला म्हणून आपलं तोंड उतरलं, याची तिला लाज वाटली.

तरी सर म्हणाले, लंगडून दाखवतो. पण वर जाऊन ते लंगडले, ते भलतंच. स्वतःची जुनी चाल त्यांना आठवेना. ती आता फक्त छताला ठाऊक होती. शेवटी ते खाली येऊन मार्तंडरावांच्या खुर्चीत बसले आणि डोळे मिटून ऐकू लागले. घसटणारा पाय खिडकीपाशी थबके, बराच वेळ तिथेच राही, मग निघे.

"इतकं दुखत होतं होय मला?" सर हळूच म्हणाले.

तेव्हा ऋजुता याच पावलांची तक्रार करत होती.

सर हुशार विद्यार्थी निघाले. छत ऐकायचे, तोंडाने लय धरायचे, वर जाऊन चालायचे. हळूहळू चाल जुळली आणि खाली शांतता उतरली. नायिका शांतपणे वारली, कादंबरी संपली, मार्तंडराव समाधानाने दात काढायला गेले.

ऋजुता पेढे घेऊन वर गेली. डॉ. तोरोही सोबत होते. आतून पावलं आली. एक जड, एक घसटतं. सरांनी दार उघडलं.

"सर, झालं आता. लंगडायची गरज नाही."

"हो, कळलं," सर ओशाळून म्हणाले. "पण सरळ चालायला जमेना."

डॉ. तोरोंनी त्यांचा पाय वाकवून पाहिला. गुडघा ठीक होता. पायही पाठच करतात, असं ते पुटपुटले.

ऋजुताने पेढे डॉ. तोरोंच्या हातात दिले आणि सरांचा दंड धरला. "चला, माझ्या पावलाला पाऊल लावा," ती म्हणाली. खिडकीपर्यंत सरांचा पाय दोनदा घसटला. परतताना एकदाच. तिसऱ्या फेरीला दोघांची पावलं एकत्र, सरळ पडली.

खाली रिकाम्या कक्षात छत एकटंच लंगडत होतं.