जळजळ

“हिचा पेला बाहेर ठेव, मोलेफे! परपुरुषाकडून आणलेला रोग माझ्या घरात नको!”

मोलेफेच्या आईचा, मामोलेफेचा आवाज शेजारणींच्या अंगणापर्यंत गेला. संडासाच्या पत्र्याला कपाळ टेकून उभ्या असलेल्या तिच्या सुनेनं, पुलेंगनं तो ऐकला... दर दहा मिनिटांनी इथे धावायचं, निखाऱ्यावर बसल्यासारखे चार थेंब, आणि पुन्हा तीच कळ! या हिवाळ्यातली ही तिसरी खेप. आणि नवरा? तो मक्याच्या उकडीच्या ताटात मान खुपसून गप्प!

फुप्फुसं निकामी होऊन मोलेफे चार वर्षांपूर्वी खाणीतून परतला, तेव्हापासून हे घर पुलेंगच्या शिवणयंत्रावर चाललं होतं. कारखान्यात ठरलेल्या विजारी शिवून झाल्याशिवाय मुकादमीण संडासाची किल्ली देत नसे. म्हणून ओठ सुकले तरी ती दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसे... कुणासाठी? या दोघांसाठीच ना!

ती तरातरा घरात शिरली. “ऊठ. दवाखान्यात चल.”

“मी कशाला? बायकांचं दुखणं ते...”

“बायकांचं? आणि आईनं मला बाजारबसवी ठरवलं, ते ऐकायला बरा बसलास! चल, आता हेही ऐक!”

लघवी तपासून नर्स म्हणाली, “साधा जंतुसंसर्ग आहे. कुठल्याही बाईला होतो, त्याला परपुरुष लागत नाही. पाणी पीत नाहीस, तासन्‌तास दाबून धरतेस, म्हणून उलटतोय. गोळ्या पूर्ण घे. अन् पाणी का पीत नाहीस गं?”

पुलेंगनं किल्लीची सगळी हकिगत सांगितली, नर्सला नव्हे, नवऱ्याच्या डोळ्यांत बघून. मोलेफेची मान खाली गेली. “चार वर्षं... आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?”

“विचारलंस कधी?”

परतल्यावर शेजारणींच्या देखतच तो अंगणात उभा राहिला. “आई, माझी बायको निर्मळ आहे. घाण आपल्या जिभेवर होती... तुझ्या बोलण्यात अन् माझ्या गप्प बसण्यात!”

मामोलेफे ओट्यावर टेकली. मग म्हणाली, “नव्यानं लग्न झालं होतं, तेव्हा हेच मला झालं होतं. तुझ्या बापानं मला वर्षभर माहेरी टाकलं... मी कुणाकडे डोळा वर करून पाहिलं नव्हतं रे! तरी मला वाटलं, आपल्याच हातून काही पाप घडलं असेल...”

“आणि तेच माझ्या माथी मारलंत?” पुलेंग कडाडली. “तुम्हाला तर ठाऊक होतं, आई, कसं जळतं ते!”

म्हातारीनं ओंजळीत तोंड लपवलं. मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं तिनं विचारलं, “पोरी... माझ्या वयाची बाई त्या नर्सकडे गेली, तर हसतील का गं?”

पुलेंगनं वळून तिच्याकडे पाहिलं. म्हणजे हिला अजूनही जळतं...! इतकी वर्षं! राग तसाच पेटलेला होता, क्षमेचा शब्द ओठांवर येत नव्हता. तिनं दारातल्या खुंटीवरची सासूची घोंगडी ओढली आणि तिच्या खांद्यावर टाकली.

“उठा. हसू दे तर कुणी, मी आहे ना!”