ज्याचा दगड त्याने उचलायचा

"केवढा हा मास्तर!"

देविका पुटपुटली. अगदी हळू, आणि मराठीत. चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या त्या गच्चीवर मराठी कुणाला कळणार होतं?

गच्चीवर पंधरा-वीस जण चटईवर बसले होते आणि समोर एक उंच, सावळा तरुण डोंगरातल्या मुक्कामाचे नियम सांगत होता. घळ आदिवासींची, त्यांनी राहू दिलं तरच राहायचं. दारू नाही, मोठ्यानं गाणी नाहीत. देवराईत चप्पल नाही. झऱ्याच्या पात्रात तंबू ठोकायचा नाही...

बोलता बोलता तो थांबला.

"मास्तर नव्हे हो. कारखान्यांत मोटारींचे ब्रेक तपासतों. नांव शहाजी."

देविकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुम्ही... मराठी?"

"तंजावूरचे. आमची मराठी जुनी आहे. शिळी नाही."

सगळे हसले, का ते न कळताच. शहाजीनं मात्र शेवटचा नियम तिच्याकडे बघत, तिच्यासाठी मराठीत पुन्हा सांगितला.

"घळीच्या तोंडाशी कातळाचा कट्टा आहे. आंत जातां प्रत्येकानें एक दगड ठेवायचा. बाहेर आल्यावर ज्याचा त्यानें उचलायचा. एक जरी दगड दिसला तरी गांव वरच्या तळ्याचें पाणी सोडत नाही. कट्टा रिकामा झाला, की विशालाक्षी पाटी ढोल वाजवते, आणि पाणी घळींतून शेतांत उतरतें. पाटी म्हणजे आजी."

"आणि आत असताना ढोल ऐकू आला तर?"

"पळायचें नाही. चढायचें."

"बापरे! हसायचा काही नियम आहे का?"

"आहे. हसणारानें पुढें बसायचें."

देविका उठली, ओढणी सावरली, आणि खरंच पुढे जाऊन बसली.

घळीच्या तोंडाशी तिनं पांढरा, काळ्या शिरेचा दगड ठेवला. शहाजीनं ठेवला तो वांग्यासारखा फुगीर.

"भरायचं की भाजायचं?" तिनं विचारलं.

"आधी परत येऊं," तो म्हणाला. डोळे मात्र हसले.

घळीतला तो दिवस... पाण्याचा गार वास, निसरडे कातळ, आणि दर निसरड्या जागी पुढे येणारा एक हात. नको तिथेही तिनं तो दोनदा धरला. त्यानं ओळखलं असावं, पण हात मागे घेतला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे निघाले, तेव्हा तो नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे होता.

"पुढें व्हा. आलोंच."

ती बाहेर आली. कट्ट्यावर दोनच दगड उरले होते, तिचा आणि त्याचा. इतके जवळ, की जणू गुजगोष्टी करत होते. तिला खोडी सुचली. शोधू दे की जरा! मग विनवण्या करील, मग आपण म्हणू, काय देणार? आपला दगड तिनं झऱ्यात टाकला. वांगं ओढणीत लपवलं.

कट्टा रिकामा दिसला, आणि पाटीनं ढोल उचलला.

ढम्... ढम्... ढम्...

देविका हसतच मागे वळली. घळीच्या वाटेवर कुणी नव्हतं. चुलीतले निखारे विझले का, ते बघायला तो माघारी गेला होता.

"नाही! पाटी, तो आत आहे... आत!" तमिळ शब्द एकही सुचेना. तिनं ओढणी झटकली आणि दगड पुन्हा कट्ट्यावर ठेवला.

पाटीचा चेहरा बदलला. ढोल आता भराभर, तुटक वाजू लागला. वर कुणीतरी तळ्याचं दार पुन्हा बंद केलं असेल, पण सुटलेलं पाणी थोडंच माघारी जातं? ते आलं. तांबडं, गरजत, फांद्या ओढत. तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा वरच्या कातळावर तो उभा होता, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

चढला होता.

खाली आल्यावर तो तिच्याकडे बघेना. पाटीला हात जोडले, दगड उचलला, झऱ्यात टाकला.

"शहाजी, माझं चुकलं..."

"माझ्या शब्दावर त्यांनी आपलें पाणी अडवलें होतें," एवढंच तो म्हणाला. चेन्नईत उतरताच हेल्मेट घालून निघून गेला.

मग फोनही नाही. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात देविका काचेबाहेर बघत बसे. घळ गेली, त्याचा मान गेला, आणि तो... तो तर आपला झालाच नव्हता.

एका संध्याकाळी ऑफिसच्या फाटकाशी तो दिसला. हातात हेल्मेट.

"पाटीचा निरोप आहे. घळ बंद केली नाही. पण दुसऱ्याचा दगड ज्यानें उचलला, त्यानें पुढच्या खेपेस राखणीला बसायचें. आंत जायचें नाही."

"आणि मी नाही आले तर?"

"तर मीहि जाणार नाही."

"हासुद्धा नियम?"

"नाही." तो हेल्मेट नुसतं फिरवत राहिला. "त्या दिवशीं वर चढलों, तों मनांत आलें... तुम्ही मला शोधायला आंत आला असाल. पाय तेव्हां कांपले. पाणी पाहून नव्हे."

समुद्रावरचा वारा आला. तिला एकदम रडू आलं, आणि हसूही.

"येईन," ती म्हणाली. "पण मला अहो-जाहो पुरे आता."

पुढच्या खेपेला देविका कट्ट्याशी बसली. पाटीनं नाचणीची आंबील दिली. उन्हं कलली. एकेक जण आला, एकेक दगड गेला. उरलं एक वांगं. तिची नजर हलेना. ओठांवर आपोआप ओवी जुळली...

घळीच्या गं तोंडी, बसले राखण
दगड एकला, त्याची मला आण

"फार जुनी मराठी झाली ही," मागून आवाज आला.

तो उभा होता, गुडघ्यांपर्यंत ओला.

"उचला... उचल ना आता!"

"तूं उचल."

"नको रे बाबा! ज्याचा त्यानं."

"माणूस समोर उभा असला तर चालतें. पाटीला विचारलें आहे."

पाटी ढोल मांडीवर घेऊन वाट बघत होती. देविकानं आधी त्याचा हात धरला, घट्ट. मग दुसऱ्या हातानं दगड उचलला. दिवसभराच्या उन्हानं तो उबदार झाला होता.

आणि पाटीकडे बघून तिनं मान हलवली — वाजवा आता.