उघडून दिलेले डोळे

गिऱ्हाईक मिळावं म्हणून करुणाने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. वेबसाइटवर नाव नोंदवलं, नमुने टाकले, दर इतके खाली आणले की तिच्या आईलाच लाज वाटली. जुने, फाटके फोटो संगणकावर दुरुस्त करून द्यायचं तिचं काम. हात सफाईदार होता, पण लोक नमुने पाहून पुढे जात. आठ महिन्यांत चार गिऱ्हाइकं आली आणि त्यातला एक सख्खा मामा. शेवटी थोरल्या भावाने, इंद्रजीतने, मुदत घातली. "दिवाळीपर्यंत बघ. नाय जमलं तर कंपनीत अर्ज टाकतो, मुकाट जायचं." करुणाला कंपनीचं वावडं नव्हतं. मुकाट जाण्याचं होतं.

मग तिला तात्यासाहेबांची आठवण झाली. शहरातल्या गुलमंडीत त्यांच्या फोटो स्टुडिओत ती तीन वर्षं काम शिकली होती. गावाकडचं एखादं म्हातारं माणूस जातं तेव्हा कळतं, घरात त्याचा धड फोटोच नाही. मग नातेवाईक अंत्यविधीआधी मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन तिथे येत आणि दबक्या आवाजात म्हणत, "डोळे तेवढे उघडून द्या." करुणाने त्याच कामाची जाहिरात साध्या मराठीत केली आणि गावोगावच्या मोबाइल ग्रुपांवर सोडली. तिसऱ्या दिवशी बिडकीनच्या गोकुळने नुकत्याच गेलेल्या वडिलांचा, सांडूंचा, फोटो पाठवला.

या कामाचा तात्यासाहेबांनी घालून दिलेला एक नियम होता. डोळे एक तर हाताने रंगवायचे, नाही तर आधी गेलेल्या भाऊबंदाच्या फोटोतून घ्यायचे. जित्या माणसाचे कधीच लावायचे नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि करुणाने विचारलं नाही. इथे फोटो संध्याकाळपर्यंत हवा होता, रंगवत बसायला वेळ नव्हता आणि गोकुळच्या घरात दुसरा एकही फोटो नव्हता. तिने स्वतःचा फोटो काढला, त्यातले डोळे उचलले, सुरकुत्या दिल्या, पापण्या पांढऱ्या केल्या आणि सांडूंना लावून टाकले. नियम मोडताना तिला काडीचंही काही वाटलं नाही.

"फोटो बोलतो," असं गोकुळने पाच तारे देऊन लिहिलं. त्या एका ओळीने आठवडाभरात नऊ कामं आली. ती तिने नियमाने, हाताने रंगवून दिली. इंद्रजीतने कंपनीचं नाव काढायचं थांबवलं.

मग एका दुपारी गोकुळचा फोन आला.

"ताई, जरा इचित्र वाटंल... पण बाबांचा फोटो दुपारी डोळे मिटतो. दोन ते साडेतीन. रोज."

करुणा हसली. आणि हसता हसता थांबली, कारण दोन ते साडेतीन ही तिची रोजची डुलकी होती.

"फोटोसमोर उभा आहेस का?"

"व्हय."

तिने एक डोळा मिटला.

"ताई..." गोकुळ म्हणाला. "एकच मिटला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीने बिडकीनला गेली. खोलीत उदबत्तीचा दाट वास होता, खिडकी लावून घेतलेली होती. भिंतीवरच्या हाराआडून तिचेच डोळे तिच्याकडे बघत होते. ती दाराकडे सरकली तसे तेही सरकले. खाली गोकुळची आई, भागूबाई, पाट टाकून फोटोकडे तोंड करून बसली होती.

"फोटो बदलून देते, मावशी. माझी चूक झाली."

"नगं." भागूबाई मागे न वळता म्हणाली. "मी दिसभर ह्यांच्याशी बोलते. हे आयकत्यात, पापणी हलवत्यात. तू फकस्त दुपारची निजू नगंस. तुला धा गावचं काम मिळवून देते. आन् काढलास, तर कुणी दारात उभं करणार न्हाई."

करुणाला ठाऊक होतं, ही बाई बोलल्याप्रमाणे करेल. दिवाळी वीस दिवसांवर होती. पण मनात पहिलं उमटलं ते हे, की आपण कधी झोपायचं हे आता भिंतीवरून ठरणार. तिला भीतीपेक्षा संताप आला.

"हात तुमच्यासाठी राबवीन, मावशी. डोळे माझे आहेत." तिने स्टुलावर चढून फोटो उतरवला. तो तिच्या हातात बर्फासारखा गार होता आणि त्यातले डोळे टकामका बघत होते. तिनेही नजर हटवली नाही. "सांगा, ते खरे कसे होते?"

भागूबाई बराच वेळ रडली. मग हळूहळू सांगू लागली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, दुधावर साय धरावी तसा. उजवी पापणी जरा लोंबती. फोटोत लोकांना देखणी माणसं हवी असतात, पण करुणाने तिथेच ओटीवर बसून लॅपटॉपवर तो पांढरा, आजारी डोळा जसाच्या तसा रंगवला. गोकुळने चौकातून छापून आणला. जुना फोटो करुणाने स्वतःच्या हाताने चुलीत घातला. तो जळेस्तोवर तिचे डोळे झोंबत राहिले.

नवा फोटो पाहताच भागूबाईने तोंडावर पदर घेतला. "हेच की गं ते..."

पंधरा दिवसांत पैठणपर्यंतची कामं आली. भागूबाईने शब्द पाळला होता. करुणाने आता खुशाल दुपारच्या झोपा काढल्या, आणि इंद्रजीतने कंपनीचा अर्ज आपल्या हाताने फाडला. अशाच एका दुपारी ती खोलीचं दार लावून एकटीच काम करत बसली होती, तेव्हा भागूबाईचा फोन आला.

"आनखी चार घरं सांगितलीत, पोरी. आन् आता फोटो लई चांगला हाय. अजाबात डोळं मिटत न्हाई." आवाज खाली आला. "मालकाला जित्तेपणी धड दिसत नव्हतं. तू ह्यांचंच डोळं दिलंस, आता लांबलांबचं दिसतंय. म्हनत्यात, पोरगी जांभळी ओढणी घेऊन कामाला बसलीय."

करुणाने अंगावरच्या जांभळ्या ओढणीकडे पाहिलं. पण तिने ओढणी काढली नाही, उलट खांद्यावर नीट घेतली आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे ताठ बघत म्हणाली, "बघू देत, मावशी. त्यांना म्हणावं, मी काम थांबवणार नाही."



"आयकलं त्यांनी," भागूबाई कुजबुजली. "पर ते म्हनत्यात... भिंतीकडं नको बोलू. ते तुझ्या पाठीमागं हाईत."