दोनशे सोळा ते दोनशे बावीस

छापखान्यात सव्वीस वर्षं प्रूफं तपासून वहिनींची नजर अशी तयार झाली होती की, चुकलेलं ऱ्हस्व-दीर्घ त्यांना पान हातात घेण्याआधीच टोचायचं. म्हणूनच हौशी रेडिओ क्लबात स्पर्धेच्या दिवशी मुख्य खुर्ची त्यांची असायची. त्यांना तिथे आणलं त्यांच्या दिरांनी. दीर इलेक्ट्रिशियन, अँटेना आणि वायरींचं सगळं खातं त्यांच्याकडे. ते ‘वहिनी’ म्हणत, म्हणून अख्खा क्लब वहिनी म्हणू लागला.

स्पर्धा डेटा मोडची. म्हणजे माइकवर बोलायचं नाही. टाइप केलेली अक्षरं दोन सुरांच्या किलबिलाटात रेडिओतून जातात आणि कुठल्या तरी दूरच्या पडद्यावर पुन्हा अक्षरं होऊन उमटतात. भेटलेल्या प्रत्येक स्टेशनला आपल्या नोंदीचा क्रमांक आणि ऑपरेटरचं वय पाठवायचं, त्यांचं घ्यायचं, पुढे जायचं. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा.

“बायकांना वय विचारायला न घाबरणारी ही एकच स्पर्धा,” दीर म्हणायचे.

“आणि न लपवणारी मी एकटीच,” असं म्हणत वहिनी ठसक्यात पन्नास टाइप करायच्या.

नदीपलीकडचा क्लब चार वर्षं ओळीनं जिंकत होता. गेल्या खेपेला तर अवघ्या तीन नोंदींनी. यंदा त्यांना पाणी पाजायचंच, असं वहिनींनी ठरवलं होतं, आणि दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी वहिनींच्या दोनशे पंधरा नोंदी झाल्या होत्या. हा वेग क्लबानं कधी पाहिला नव्हता.

क्लबाची खोली म्हणजे बंद पडलेला टायपिंग क्लास. तिसरा मजला, वर गच्ची. लांबलचक टेबलावर जुन्या यंत्रांच्या पायांचे खळगे अजून होते. उन्हानं खिडकीची काच तापली होती. दोन वाजून सात मिनिटांनी रेडिओचा आवाज एकदम बसला.

“वर जोड सैल झालाय,” दीर पक्कड उचलत म्हणाले. “दहा मिनिटांचं काम. पण वहिनी, आधी इकडचा प्लग काढा. मी वायर हातात धरल्यावर चुकून बटण दाबलंत, तर तुमचा दीर भाजून निघेल.”

वहिनींनी अँटेनाचा प्लग रेडिओमागून ओढून काढला, दिरांना दाखवला आणि टेबलावर समोरच ठेवला. दीर वर गेले. वहिनींनी चष्मा काढून डोळे चोळले.

चष्मा परत लावला, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर एक ओळ होती.

कुणीतरी त्यांच्या क्लबाच्या कॉलसाइनला, म्हणजे रेडिओवरच्या नावाला, उद्देशून लिहिलं होतं : दोनशे सोळा मिळाला. धन्यवाद.

जवळचं कुणी जबरदस्त ताकदीनं पाठवत असेल, तर अँटेनाशिवायही थोडंफार झिरपतं. वहिनींना ते माहीत होतं. न पटणारी गोष्ट वेगळीच होती. दोनशे सोळावा क्रमांक त्यांनी अजून कुणाला दिलाच नव्हता.

दुसरी ओळ आली. दुसरं स्टेशन, दुसरा देश. दोनशे सतरा मिळाला. धन्यवाद.

त्यांनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. वर गच्चीत दिरांची पावलं वाजत होती. रेडिओतून किलबिलाट येत नव्हता. नुसती खरखर, आणि त्या खरखरीतून अक्षरं जुळत होती, स्वच्छ, एकही चूक नसलेली. इतकं स्वच्छ तर चांगल्या अँटेनावरही येत नाही.

अठरा. एकोणीस.

वहिनींनी रेडिओचं बटण बंद केलं.

खरखर थांबली. डायलवरचा दिवा गेला.

दोनशे वीस मिळाला.

“भावजी!” त्यांनी खिडकीतून हाक मारली. “तुम्ही काय करताय?”

“काय करणार? वायर धरून उभा आहे!” वरून आवाज आला. “कुठेही सैल नाही हो. सगळं घट्ट आहे!”

एकवीस.

बावीस.

मग पडदा कोरा झाला.

दीर खाली आले तेव्हा वहिनींनी सातही स्टेशनांची नावं कागदावर वळणदार अक्षरांत उतरवली होती. प्लग परत लावला, रेडिओ सुरू केला. नेहमीसारखा चालू झाला. पुढच्या स्टेशनला त्यांनी दोनशे सोळाच पाठवला आणि सहापर्यंत मान वर केली नाही.

संध्याकाळी नोंदवही पाठवण्याआधी दिरांनी तो कागद पाहिला. “सात नोंदी आहेत वहिनी! टाका की. समोरच्यांनी मिळाल्याचं कळवलंय.”

“मी पाठवलं नाही, ते माझं म्हणून कसं लिहू?”

“नदीपलीकडचे पुन्हा हसतील.”

“हसू देत. चार वर्षं हसतायत, अजून पोट दुखलं नाही त्यांचं.”

ते पाच नोंदींनी हरले. वहिनींना वाईट वाटलं, पण आपण बरोबर केलं याबद्दल तिळमात्र शंका वाटली नाही.

तीन आठवड्यांनी त्या आणि दीर खोली आवरत असताना तपासनिसांचा फोन आला. गणिताचे निवृत्त शिक्षक, सगळ्या क्लबांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहणं हे त्यांचं काम.

“निकाल बदलणार नाही,” ते म्हणाले, “पण मला राहवेना. सात स्टेशनांच्या वहीत तुम्ही आहात, तुमच्या वहीत ती नाहीत. सात देश, एकमेकांशी काही संबंध नाही. दोन-दहा ते दोन-अठरा. क्रमांक दोनशे सोळा ते बावीस.”

“हो,” वहिनी म्हणाल्या.

“तेव्हा खुर्चीवर दुसरं कुणी होतं का? तुम्ही दिवसभर पन्नास पाठवलंत. या सातांना वेगळं वय मिळालंय.”

“किती?”

कागद उलटल्याचा आवाज आला. “पहिल्याला बावन्न. दुसऱ्याला त्रेपन्न. तिसऱ्याला चौपन्न.”

“मग पंचावन्न?”

“नाही. तिथून पुढे सगळ्यांना चौपन्नच.”

वहिनींनी आभार मानून फोन ठेवला. दीर स्टुलावर उभे राहून शीळ घालत वायरीचं वेटोळं खिळ्याला टांगत होते.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “तुमचं वय काय हो?”

“मागच्या महिन्यात बावन्न पूर्ण,” दीर मागे न वळता म्हणाले. “स्पर्धेच्याच दिवशी. कुणाच्या लक्षात होतं म्हणा!”