निमियाची दुसरी बाजू

मधे हसायचं नाही, आधीच सांगतो. फुल्हेन्सियो तीस वर्षं माझा शेजारी. दवाखान्यात एक्स-रे काढायचा. खोटं रचायला लागते तेवढी अक्कल त्या बाबाकडे नव्हती.

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. सतरा ऑगस्ट, गुरुवार. सहा वर्षांची निमिया, दोन्ही गाल फुगलेले, डोळे वर लागलेले. गाव म्हणे, पोर स्वर्गाकडे बघतेय, आता मरून देवदूत होणार. आजी बासिलियानं पांढरा झगा शिवून कागदाचे पंखसुद्धा करून ठेवले.

फुल्हेन्सियो उजव्या बाजूचा एक्स-रे फोटो काढत असताना पोर रडायला लागली. आजी खेकसली, "पुरे रे! रडली की पंख भिजतात तिचे. देवदूताला छळतोस होय मेल्या?"

फुल्हेन्सियो वरमला. डावी बाजू काढलीच नाही, आणि डॉक्टरांना सांगितलंही नाही. एका बाजूची गाठ समजून निमियाला शहरात नेलं. सकाळी सहाला जबडा कापायचा ठरला. फोटो पोचवायला हाच निघाला, जीपमधून, शेजारी चिपाची, आपल्या चीजच्या पावांची, पुडी.

रात्री दोन वीसला ओढ्याच्या पुलाशी पांढऱ्या झग्यातली पोर उभी. गाल फुगलेले. त्याला वाटलं, निमियाच.

"अगं, तू इथे कशी?"

ती मागे बसली. लाल मातीचा रस्ता. दिव्यांपुढे धूळ.

"काका... रडलं तर चालेल?"

"...रड."

ती रडली. आवाज नाही. बराच वेळ.

"दुसरी बाजू," ती म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं. सीट रिकामी.

भीती वाटली नाही, म्हणाला. काहीच वाटलं नाही. गाडी आपली चालत होती. एकच कळत होतं, आपण गप्प बसलो तर पोरीचा जबडा जाणार.

शहरात पोचल्यावर त्यानं सगळं कबूल केलं. तिथल्या डॉक्टरांनी लिफाफा उघडला. आत दोन फोटो. दुसरा डाव्या बाजूचा. त्यांनी निमियाचा नवा काढला. दोन्हीकडे तशाच पोकळ्या.

"हा घराण्यात चालत येणारा आजार," डॉक्टर म्हणाले. "जिवाला धोका नाही. वयात आली की बहुधा आपोआप ओसरतो. कापायचं नाही. दरवर्षी दाखवायला आणायचं."

निमिया आता शाळेत जाते. पोरं चिडवतात, तीही दगड मारते.

लिफाफ्यातला तो फोटो मात्र तिचा नव्हता. दात वेगळे. हाडात करवतीचा ताजा काप. फुल्हेन्सियोनं तो बासिलियाला दाखवला. म्हातारी खाली बसली. म्हणाली, "माझी सातुर्नीना." तिची थोरली लेक, असेच गाल, इथे गावातच जबडा कापायला घेतली आणि रक्त थांबेना, टेबलावरच गेली. तेव्हाही म्हातारीनं कुणाला रडू दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र स्वतःच ढसाढसा रडली.

फोटो मी पाहिलाय. सातुर्नीना गेली त्या साली आपल्या गावात एक्स-रेचं मशीन आलेलं नव्हतं.