चौथी खाच

आधीच सांगते, जेवताना वाचू नका. नंतर मला शिव्या घालायच्या नाहीत.

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या आत्येबहिणीच्या बाबतीत घडलेली. गेल्या वर्षी, एका शनिवारी, भर दुपारी. भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा सावरून बसावं.

ताई सर्व्हर दुरुस्त करते. घरात आम्ही तिला ‘चिमटाताई’ म्हणतो, कारण ती कशालाही नुसत्या हाताने शिवत नाही. हातमोजे, चिमटा, स्पिरिट, कापसाचे बोळे, सगळं पिशवीत तयार. लहानपणी मी एकदा बोट जिभेला लावून तिच्या पुस्तकाचं पान उलटलं होतं. तिने ते पुस्तक मलाच देऊन टाकलं.

“ठेव तुलाच,” म्हणाली. “मी नाही आता हात लावणार त्याला.”

एवढं लक्षात ठेवा.

त्या शनिवारी सकाळी माझी आत्या, म्हणजे ताईची आई, जिन्यावरून पडली. डोक्याला मार लागला. हॉस्पिटलमध्ये नेलं, स्कॅन केला. आत रक्त साचलं होतं.

ऑपरेशन चारला ठरलं. पण स्कॅन उघडेना.

म्हणजे उघडायचा, दोनशे दहाव्या चित्रापर्यंत यायचा आणि तिथेच अडकायचा. प्रत्येक वेळी तिथेच.

“रक्त कुठवर गेलंय ते पुढच्या चित्रांत आहे,” डॉक्टर म्हणाले. “ते न बघता मी डोकं उघडणार नाही. त्यांना पुन्हा मशीनपर्यंत हलवणंही धोक्याचं आहे. आणि चारच्या पुढे थांबता यायचं नाही.”

“तुमचा कॉम्प्युटरवाला कुठे आहे?” ताईने विचारलं.

“एक काका होते. आठ महिन्यांपूर्वी गेले. नवीन माणूस अजून मिळाला नाही, आणि कंपनीचा इंजिनिअर सोमवारी येणार.”

ताईने घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

“मी बघते,” ती म्हणाली.

स्कॅन ज्यावर साठवतात त्या सर्व्हरची खोली तळमजल्याच्या टोकाला होती, मळक्या चादरींच्या खोलीला लागून. सफाईच्या मावशींनी कुलूप काढलं, पण त्या उंबऱ्यातच थांबल्या. नाकाला पदर लावून.

आधी वास आला. लवंगेचा... आणि लवंगेच्या खाली किडलेल्या दाताचा.

प्रत्येक वायरला चिठ्ठी चिकटवलेली होती. प्रत्येक चिठ्ठीवर पिवळट, वाळलेला अंगठ्याचा ठसा.

“काकांचे आहेत ते,” मावशी म्हणाल्या. “त्यांना थुंकी लावल्याशिवाय काही जमायचंच नाही. पान उलटायचं, थुंकी. चिठ्ठी चिकटवायची, थुंकी. दाढ दुखायची म्हणून लवंग सतत तोंडात. शी! त्यांच्या हातचा कागद कोणी घ्यायचं नाही.”

ताईने हातमोजे चढवले, वर आणखी एक जोडी चढवली आणि पडद्यासमोर बसली.

दुखणं लगेच सापडलं. बसवलेली मेमरी चौसष्ट जीबी. वापरता येणारी अठ्ठेचाळीस. बाकीची सोळा नुसती पडून होती. आत्याचा स्कॅन मोठा. अठ्ठेचाळीस भरली की गाडी अडत होती.

चौथ्या खाचेतल्या त्या सोळापुढे एकच शब्द होता. राखीव.

कुणासाठी, ते लिहिलेलं नव्हतं.

असं होतं कधीकधी. कुणीतरी मर्यादा घालून ठेवलेली असते. ताईने सगळ्या सेटिंग उलट्यापालट्या केल्या. मर्यादा कुठेच नव्हती. मग तिने मशीन बंद करून झाकण उघडलं.

आत चार खाचा, त्यांत मेमरीच्या चार पट्ट्या. प्रत्येक पट्टी सोळाची. तिने चौथी उपसली...

ती ओली होती.

नुसती ओली नाही. पट्टी वर आली तशी खाचेतून एक बारीक, चिकट तार तिच्याबरोबर वर आली. लांबली. तुटली. आणि ताईच्या मनगटावर पडली, नेमकी जिथे हातमोजा संपतो तिथे.

कोमट होती.

ताई तोंडावर हात धरून बाहेर पळाली. पोटात काही नव्हतं म्हणून नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या आल्या. मनगट तिने साबणाने तीनदा धुतलं.

पण वर आई होती. ताई परत आत आली.

एसीचं पाणी गळत असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मान वर करून पाहिलं. छत ठणठणीत कोरडं होतं. तिने पट्टी स्पिरिटने पुसली, खाच पुसली, पहिली पट्टी चौथ्या जागी बसवली, चौथी पहिल्या जागी. मशीन चालू केलं.

अठ्ठेचाळीस. आणि राखीव अजूनही चौथीच खाच. म्हणजे पट्ट्या सगळ्या चांगल्या. खोट खाचेतच.

पुन्हा उघडलं. आता दुसरीच पट्टी त्या खाचेत होती, तिने स्वतः पुसून बसवलेली. तीही ओली. बोळा पिवळा झाला. दुसरा पिवळा झाला. तिसराही...

तीन वाजले. वरून निरोप आला, आत्या आता हाकेला ओ देत नव्हती.

ताईने चौथी खाच रिकामीच ठेवली. तीन पट्ट्या, म्हणजे अठ्ठेचाळीस. तेवढं तरी मशीन सरळ दाखवतंय का, एवढंच तिला बघायचं होतं.

पडदा उजळला.

बसवलेली मेमरी... चौसष्ट.

चौथी पट्टी तिच्या हातात होती. आणि मशीन म्हणत होतं, चौथ्या खाचेत काहीतरी बसलंय.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मावशींकडे पाहिलं. मावशी अजून उंबऱ्यातच होत्या.

“हे असं आधी कधी झालं होतं?”

“झालं होतं की. मशीन अडलं की काका पट्टी काढायचे. अंगठा चाटायचे, त्या सोनेरी कडेवर फिरवायचे. तीनदा. मोठ्याने मोजायचे. मग चालायचं ते. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.” मावशींनी पदर नाकावर आणखी घट्ट धरला. “ते गेले तेही याच खुर्चीत. मीच बघितलं पहिल्यांदा. अंगठा तोंडात होता. शेवटी डॉक्टरांनी ओढून काढला.”

ताई खुर्चीतून ताडकन उठली.

साडेतीन झाले होते. अर्धा तास. वर आई. इथे सगळे उपाय करून झालेले. डोकं वापरून, नियम पाळून जे जे करता येतं ते सगळं संपलं होतं.

तिने उजव्या हाताचे दोन्ही मोजे काढले.

ती मला नंतर म्हणाली, “आईचं रक्त असतं तर चाटलं असतं गं. पण हे...”

तिने अंगठा जिभेला लावला. पट्टीच्या कडेवरून फिरवला.

“एक.”

कड आधीच ओली होती. त्या माणसाच्या थुंकीने. आणि तोच अंगठा आता परत जिभेवर ठेवायचा होता. पहिल्या वेळी फक्त तिची थुंकी होती. दुसऱ्या वेळी तसं नव्हतं.

तिने डोळे मिटले.

“दोन.”

लवंग. जिभेवर लख्ख लवंग. आणि मागून ती घाण, तो कुजका दात. तिच्या घशापर्यंत आंबट आलं. तिने ते गिळलं.

तिसऱ्यांदा अंगठा तोंडात गेला, तेव्हा तिला तोंड उघडावंच लागलं नाही. ते आधीच उघडं होतं.

“तीन,” ती म्हणाली.

आणि तिच्या कानाशी, अगदी जवळ, ओठ चाटल्याचा आवाज आला... च्च्प.

मावशी केव्हाच पळाल्या होत्या.

पट्टी खाचेत बसली. मशीन चालू झालं. बसवलेली मेमरी चौसष्ट. वापरता येणारी चौसष्ट. राखीव काही नाही.

दोनशे दहा. दोनशे अकरा. दोनशे बारा... स्कॅन शेवटपर्यंत उघडला. चारला पाच मिनिटं कमी असताना आत्याला आत घेतलं.

आत्या वाचली. आजही ठणठणीत आहे, मलाच दम देते.

तिसऱ्या दिवशी ती नीट शुद्धीवर आली, तेव्हा ताई उशाशी होती. आत्या कपाळ पुसत हळूच म्हणाली, “ते काका कोण होते गं?”

“कुठले काका?”

“ऑपरेशनच्या वेळचे. डोकं उघडलं होतं ना, तेव्हा. अंगठा चाटत होते आणि आत फिरवत होते. मोजत होते काहीतरी.”

हे ताईने फक्त मला सांगितलं, डॉक्टरांना नाही. काय सांगणार?

तो सर्व्हर नंतर एकदाही बंद पडला नाही म्हणे. हॉस्पिटलवाले खूश आहेत. ताईला दोनदा बोलावणं आलं, ती गेली नाही.

मला वाटलं होतं, विषय संपला.

गेल्या आठवड्यात माझा लॅपटॉप फार रडायला लागला, म्हणून ताईला बोलावलं. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हा तिने तो उघडला होता. हातमोजे नाहीत. चिमटा नाही. पिशवीची चेनसुद्धा उघडलेली नव्हती.

ती अंगठा चाटत होती.

“ताई!” मी ओरडले.

तिने दचकून वर पाहिलं. मग अंगठ्याकडे पाहिलं, कुणा दुसऱ्याचा असावा तसं. आणि माझ्या स्वयंपाकघरात धावत जाऊन भडाभडा ओकली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. बिचारी रडत होती. “मला कळत नाही गं,” म्हणत होती. “मला कळतच नाही कधी जातो तोंडात.”

लॅपटॉप आता सुरळीत चालतो, असं ती म्हणाली. मी बघितलेलं नाही. तो कपाटात ठेवलाय, दोन पिशव्यांत गुंडाळून.

आमच्या घरात लवंग कोणी खात नाही. पण आज सकाळी कपाट उघडलं, तर...

हे मी फोनवर लिहितेय. आणि मघापासून सारखं अंगठ्याकडे लक्ष जातंय.