न खरवडलेलं टोक

‘‘शेवटचं कोण?’’ होल्गिन शहरातल्या पावाच्या रांगेत येऊन ओदालिसने विचारलं, तेव्हा पुढच्या उंच माणसाने मागे न बघताच हात वर केला. हातात तांब्याच्या बारीक तारेचं भेंडोळं होतं. ती बघतच राहिली. जोडलेल्या तारेशिवाय दिवा पेटवून दाखवीन, असं तिने नववीच्या पोरांना कबूल केलं होतं, आणि त्यासाठी लागणारी दोन वेटोळी करायला गावभर हिंडूनही बारीक तार मिळत नव्हती.

तो लिओनेल, पंखे दुरुस्त करणारा. जळलेल्या मोटारींतून तार सोडवण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. तिची अडचण ऐकून तो म्हणाला, दुपारी माझ्या दारात या, करून देतो.

तीन दुपारी ती गेली. एक वेटोळं सेलला आणि ट्रान्झिस्टरला जोडलेलं, दुसऱ्याला नुसता इवलासा दिवा. एकावर दुसरं धरलं की दिवा पेटायला हवा. पेटत नव्हता. पहिल्या दिवशी त्याने ट्रान्झिस्टर बदलला, दुसऱ्या दिवशी वेटोळं नव्याने गुंडाळलं. मध्येच कॉफी पाजली, तिच्या थकलेल्या डोळ्यांकडे बघून घेतलं... तिनेही बघू दिलं.

तिसऱ्या दिवशी मात्र तिचा जीव विटला होता. वीज नाही, बस नाही, निम्मे शिक्षक देश सोडून गेलेले.

‘‘राहू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘सोमवारी मीही राजीनामा देते. एक दिवा पेटवता येत नाही, मी कसली विज्ञानाची बाई?’’

लिओनेलचा चेहरा उतरला. त्याने ब्लेड पुढे केलं आणि दिव्याजवळचं टोक दाखवलं. तारेवरचं वॉर्निश तसंच होतं. ते खरवडल्याशिवाय वीज पुढे जात नाही, हे त्याच्या हातांना झोपेतही ठाऊक असणार.

‘‘विसरलात?’’

‘‘नाही... दिवा पेटला असता, तर तू दुसऱ्या दिवशी आली नसतीस.’’

‘‘पाय तुटले माझे इथे येऊन येऊन.’’

तिला राग आला होता, खराखुरा. आणि किती दिवसांत आपली कुणी वाट बघितली नव्हती, हेही तेव्हाच कळलं. डोळे भरून आले. तिने टोक खरवडलं, वेटोळं वर धरलं. मध्ये बोटभर जागा... आणि दिवा पेटला.

‘‘झालं तुझं काम,’’ तो पडेल आवाजात म्हणाला.

‘‘उद्या पोरांना दाखवते.’’ ती पिशवी उचलून उठली. ‘‘शाळा सुटली की माझा पंखा घेऊन येईन.’’

‘‘बिघडलाय?’’

‘‘नाही.’’